चार बोटांच्या घोड्याच्या मुलखात

शनिवार : डेन्व्हर ते ओनील

लोक जनावराचं तोंड बघतात, आमचे बाबा पाय बघतात. पशुसंवर्धन खात्यात उभी हयात गेली, त्यातली बरीचशी धुळे जिल्ह्यात. दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरली की घोडेबाजारात तंबू टाकून बसायचं आणि लंगडणारं घोडं कुठल्या पायानं लंगडतंय ते लांबूनच सांगायचं. आता निवृत्त होऊन उन्हाळ्यापुरते आमच्याकडे डेन्व्हरला आलेत. ओळखीच्या सगळ्यांनी यलोस्टोन, लास व्हेगास, नायगारा अशी यादी हातात दिली. बाबांनी ती शांतपणे वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि विचारलं, "तो चार बोटांचा घोडा इकडंच कुठंतरी सापडला होता ना? तिकडं जायचं का?"

चार बोटांचा घोडा म्हणजे इओहिप्पस. परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शिकत असताना बाबांनी तो परीक्षेपुरता पाठ केला होता. पुढच्या पायांना चार बोटं, मागच्या पायांना तीन, अंगानं कोल्ह्याएवढा. पुस्तकातली आकृती त्यांना अजून काढून दाखवता येते. डावीकडं हा चिमुकला, मग जरा मोठा मेसोहिप्पस, मग मेरिचिप्पस, प्लायोहिप्पस आणि उजव्या टोकाला आपला एका खुराचा घोडा. बोटं कमी होत जातात, उंची वाढत जाते. सगळे एका रांगेत, शाळेच्या कवायतीला उभे केल्यासारखे.

नवऱ्यानं रस्ता असा आखला की आधी पूर्वेला जायचं आणि मग पश्चिमेकडं सरकत जायचं, म्हणजे खडक दिवसेंदिवस जुना होत जाईल. नेब्रास्कात १ कोटी २० लाख वर्षांपूर्वीचे घोडे, साउथ डकोटात ३ कोटींच्या पलीकडचे, वायोमिंगमध्ये साडेपाच कोटींचे. आई नातवापाशी घरी राहिली. हाडं बघायला एवढं पेट्रोल जाळायचं असेल तर तुम्हीच जाळा, असं तिचं म्हणणं.

आजच्या दिवसाबद्दल फार काही सांगण्यासारखं नाही. मका, सोयाबीन, पुन्हा मका. मध्येच घड्याळ तासाभरानं पुढं गेलं. ग्रँड आयलंडला महामार्ग सोडून उत्तरेला वळलो, तिखटमिठाच्या पुऱ्या संपवल्या आणि रात्री ओनीलला पोचलो. या गावाला नेब्रास्काची आयरिश राजधानी म्हणतात. मुख्य चौकात रस्त्यावरच तीन पानांचं प्रचंड मोठं हिरवं चिन्ह काढलंय, गाडी त्यावरूनच जाते.

रविवार : ॲशफॉल

ओनीलहून थोडं उलट, पूर्वेकडं रॉयल गावाच्या दिशेनं गेलं की शेतांमधून एक फाटा निघतो. गवताळ टेकड्यांच्या कुशीत मोठी शेड दिसते, बाहेरून कुणाचं तरी गोदाम वाटावी अशी. आत शिरलं की लाकडी वाटेवरून चालायचं आणि खाली बघायचं. सांगाडे जिथं सापडले तिथंच, तसेच ठेवलेत. काचा नाहीत, तारांनी उभे केलेले प्राणी नाहीत. करड्या राखेत प्राणी जसे कोसळले तसे पडून आहेत.

झालं असं की १ कोटी २० लाख वर्षांपूर्वी आजच्या आयडाहोच्या नैऋत्य कोपऱ्यात एका अजस्र ज्वालामुखीचा स्फोट झाला. तिथून इथपर्यंत हजारेक मैल. राख वाऱ्यावर आली आणि या भागात फूटभर जाडीचा थर बसला. राख म्हणजे चुलीतली मऊ राख नव्हे, काचेचा बारीक चुरा. गवतावर बसलेला हा चुरा चरताचरता नाकातोंडात गेला आणि फुप्फुसं निकामी झाली. तापलेली, तहानलेली जनावरं पाणवठ्यावर आली आणि तिथंच एकामागून एक मेली. पक्षी आणि कासवं सगळ्यात खालच्या थरात, त्यावर कस्तुरीमृगाच्या जातकुळीतले छोटे प्राणी, त्यावर घोडे आणि उंट, आणि सगळ्यात वर आखूड पायांचे पिंपासारखे गेंडे. ज्याची छाती लहान तो आधी गेला. १९७१ मध्ये मायकल व्हूर्हीस या जीवाश्मतज्ज्ञाला ओहोळाच्या काठात गेंड्याच्या पिल्लाची कवटी दिसली, तिथून हे सगळं सुरू झालं.

बाबा एका घोड्यापाशी जे थांबले ते हलेचनात. पायाच्या हाडांवर खडबडीत, फुगीर थर चढलेला होता. "हे बघ. हाडाचा आजार नाही हा. छाती खराब झाली की हाडावर अशी वाढ येते. कुत्र्याच्या फुप्फुसात गाठ असली की पायाच्या एक्स-रेत हेच दिसतं." शेजारच्या फलकावर नेमकं तेच लिहिलं होतं, पण तो त्यांनी नंतर वाचला. ब्रश घेऊन राख झटकणारी विद्यार्थिनी वर बघून हसली. मग दोघांची बराच वेळ बोलणी झाली. भाषेचं फारसं अडलं नाही, कारण दोघंही हाडांच्या लॅटिन नावांनीच बोलत होते.

आता घोड्यांच्या पायांबद्दल. या एका पाणवठ्यावर पाच वेगवेगळ्या प्रकारचे घोडे सापडलेत. त्यांतले बहुतेक तीन बोटांचे. मधलं बोट जाडजूड, सगळा भार त्यावर. बाजूची दोन बारीक, जमिनीपासून अधांतरी. आणि त्यांच्याच जोडीला एका बोटाचा प्लायोहिप्पस. बाबांनी राखेतल्या एका पायाकडं बोट दाखवून सांगितलं की ही बाजूची बोटं आपल्या घोड्यातही अजून आहेत. पुढच्या पायाच्या नळीमागं दोन्ही बाजूंनी बोट फिरवलं तर दोन पातळ हाडं हाताला लागतात, खाली निमुळती होत संपणारी. तरुण घोड्याला दामटलं की तिथंच सूज येते आणि मालक घाबरून डॉक्टरकडं धावतो.

मग ते गप्प झाले. बराच वेळ रेलिंगला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "पुस्तकातली रांग मग कुठं राहिली? हे तर सगळे एकाच वेळी पाणी प्यायला आलेत."

इथंच त्या आकृतीचं घोडं पेंड खातं. तीन बोटं संपली आणि मग एक बोट सुरू झालं असं घडलेलंच नाही. दोन्ही तऱ्हेचे घोडे लाखो वर्षं एकाच कुरणात चरत होते. ज्या प्लायोहिप्पसला पुस्तकानं आजच्या घोड्याच्या अलीकडं उभं केलं होतं, तो थेट पूर्वजही नव्हे, बाजूची फांदी होता, असं आता मानतात. इथल्या तीन बोटांच्या घोड्यांपैकी कॉर्मोहिप्पॅरिऑनचं गणगोत तर पार आपल्याकडं पोचलं. अलास्का आणि सायबेरिया जोडणाऱ्या बेरिंगच्या भूपुलावरून आशियात शिरलेल्या या घराण्याचे, म्हणजे हिप्पॅरिऑनचे, दात शिवालिकच्या टेकड्यांत भरपूर सापडतात. "तीन बोटांचे घोडे आपल्याकडंही होते म्हणजे," असं बाबा दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा जरा अभिमानानं.

दुपारनंतर हायवे २० धरून पश्चिमेला निघालो. मका संपला आणि वाळूच्या, गवतानं झाकलेल्या टेकड्या सुरू झाल्या. शंभर मैलांत मोजकी गावं. मुक्काम व्हॅलेंटाइन.

सोमवार : बॅडलँड्स

सकाळी रोझबड राखीव क्षेत्रातून उत्तरेला. हा लकोटा या मूळनिवासी जमातीचा मुलूख. कुंपणाआड घोडे दिसायचे आणि बाबा लगेच गाडी हळू करायला सांगायचे. मर्डोच्या पुढं घड्याळ परत एक तास मागं आलं. ३ कोटी वर्षं मागं जायचं तर तासाभराची सुरुवात वाईट नाही, असा नवऱ्याचा विनोद.

बॅडलँड्स म्हणजे झिजून उघड्या पडलेल्या, ओसाड, पट्टेदार टेकड्या. फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात, त्यामुळं जास्त वर्णन करत बसत नाही. रंग मात्र घोड्यासाठी समजून घ्यायला हवेत. तळाशी काळसर थर आहे तो समुद्राच्या तळाचा. त्यावर पिवळट टेकाडं. त्यावर राखाडी रंगाचा चॅड्रन थर, ३ कोटी ७० लाख ते ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीचा. तेव्हा इथं दमट जंगल होतं, सुसरीच्या कुळातले प्राणी होते, हत्तीच्या तोलाचे ब्रॉन्टोथेर होते. त्याच्यावर ब्रूल थर, मातकट रंगावर लाल पट्ट्यांचा. राखाडी जिथं संपतं आणि पट्टे सुरू होतात तिथं पृथ्वी गार पडली. अंटार्क्टिकावर बर्फ साचायला लागला आणि इथलं जंगल विरळ होत गेलं. ब्रॉन्टोथेर संपले, मेसोहिप्पस मात्र तगला.

इथल्या बेन रायफेल पर्यटक केंद्रात उन्हाळ्यात जीवाश्म साफ करण्याची प्रयोगशाळा लोकांसाठी उघडी असते. हवेच्या दाबावर चालणारी सुई, खाली दगडात अडकलेली कवटी, वर सूक्ष्मदर्शक आणि शेजारी पडदा, म्हणजे सुईच्या टोकाशी काय चाललंय ते आपल्यालाही दिसतं. तासाभराच्या कामात नखाएवढा भाग मोकळा होतो. बाबा तिथं इतके रमले की जेवायची वेळ टळून गेली.

मेसोहिप्पसची उंची खांद्यापाशी साधारण दोन फूट. चारही पायांना तीन-तीन बोटं, आणि तिन्ही जमिनीला टेकणारी. तोंड आताच्या घोड्यासारखं लांबट होऊ लागलेलं. जोसेफ लायडी या अमेरिकन जीवाश्मतज्ज्ञांनी १८५० मध्ये याचं वर्णन केलं, तेही याच भागातून गेलेल्या हाडांवरून. अमेरिकेत तेव्हा मोजके अभ्यासक सोडले तर कुणाच्या मनातही नव्हतं की घोडा मुळात इथला असेल. घोडा म्हणजे स्पॅनिश लोकांनी जहाजातून आणलेलं जनावर, हे बाकी सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं.

बाबांचं लक्ष अर्थातच दातांवर. आपल्या घोड्याची दाढ उंच असते, तिचा बराचसा भाग जबड्यात गाडलेला. गवत खाताना दाढ झिजते आणि जितकी झिजते तितकी वर्षाला दोन-तीन मिलिमीटर वर सरकत राहते. गवतात वाळूच्या कणांसारखा टणक पदार्थ असतो, शिवाय जमिनीलगत चरताना माती तोंडात जाते. उंच दाढ नसेल तर घोडं ऐन जवानीत उपाशी मरायचं. मेसोहिप्पसची दाढ बुटकी. तो पाला खाणारा. जंगल विरळ झालं तरी झाडं-झुडपं होती, त्यामुळं लाखो वर्षं या बुटक्या दाढांवर त्याचं नीट भागलं. त्याच्यापासून निघालेला मिओहिप्पसही त्याच्याच सोबत, त्याच काळात इथं नांदत होता. बाप गेला आणि मुलगा आला असं काही नाही. दोघं एकाच वाड्यात.

संध्याकाळी वॉल गावात फुकट बर्फाचं पाणी देणारं ते प्रसिद्ध दुकान पाहिलं. दुकान १९३१ चं, आणि १९३६ पासून या पाण्याच्या पाट्यांवर धंदा चाललाय. पाट्या शेकडो मैलांवरून सुरू होतात, पाणी साधंच आहे.

मंगळवार : नुसता प्रवास

वॉल, रॅपिड सिटी, जिलेट, शेरिडन. दिवसभर गाडी. शेवटी बिगहॉर्न पर्वत चढून शेल कॅन्यनमधून खाली ग्रेबुलला उतरायचं. घाट सुंदर आहे, जून असूनही वर बर्फाचे ढीग होते, पण माझं लक्ष वळणांवर होतं.

वाटेत इओहिप्पसची कुळकथा बाबांना वाचून दाखवली. सगळ्यात पहिलं हाड अमेरिकेत नाही तर इंग्लंडमध्ये मिळालं, केंटच्या किनाऱ्यावर हर्न बेजवळ. रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञांनी त्याला हायरॅकोथेरियम असं नाव दिलं, कारण कवटी पाहून त्यांना आफ्रिकेतल्या हायरॅक्स नावाच्या सशाएवढ्या प्राण्याची आठवण झाली. हा घोड्याच्या गोत्रातला असेल असं त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. १८७६ च्या ऑगस्टमध्ये डार्विनचे पाठीराखे, इंग्रज शास्त्रज्ञ टॉमस हक्सली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात जीवाश्मतज्ज्ञ ऑथनिएल मार्श यांच्याकडं गेले. युरोपातल्या हाडांवरून त्यांनी घोड्याची वंशावळ मांडली होती. मार्शच्या कपाटांतून एकामागून एक खोकी निघाली आणि घोड्याची मुख्य कहाणी अमेरिकेत घडली हे त्यांनी मोकळेपणानं मान्य केलं. त्या भेटीत हक्सलींनी गमतीनं एक चित्र काढलं, चिमुकल्या घोड्यावर बसलेला चिमुकला आदिमानव. त्यानंतर काही महिन्यांतच मार्श यांनी इओहिप्पस जाहीर केला. पुढं १९३२ मध्ये ठरलं की हा आणि ओवेनचा प्राणी एकच, म्हणून जुनं नाव लावायचं. २००२ मध्ये परत बारकाईनं तपासणी झाली, एका नावाखाली अनेक प्राणी कोंबलेले निघाले आणि इओहिप्पस नाव पुन्हा चलनात आलं.

"सातबाऱ्यासारखंच आहे की," मागून नवरा म्हणाला.

याच ओघात गुजरातची गोष्ट निघाली. सुरतेजवळ वस्तानच्या लिग्नाइट खाणीत कॅम्बेथेरियम नावाच्या प्राण्याची हाडं सापडली आहेत, सुमारे ५ कोटी ४५ लाख वर्षांपूर्वीची. घोडा, गेंडा आणि टॅपिर या विषम बोटांच्या खुरवाल्यांच्या घराण्याचा हा अगदी जवळचा चुलत नातेवाईक. तेव्हा भारत आशियाला नुकता भिडत होता किंवा भिडायच्या बेतात होता. या घराण्याची सुरुवातच भारतात किंवा त्याच्या आसपास झाली असावी असं काही शास्त्रज्ञांना वाटतं. बाबांची धुळ्यातली नोकरी तिथून काही फार लांब नव्हती. त्यांनी लगेच विचारलं, "मग आपण एवढ्या लांब कशाला आलो?"

बुधवार : बिगहॉर्न खोरं

ग्रेबुलपासून वर्लंडपर्यंतचा रस्ता खोऱ्याच्या तळातून जातो. पूर्वेला आपण काल ओलांडलेला पर्वत, पश्चिमेला क्षितिजावर ॲब्सरोका रांग, मधे रखरखाट. सेजची करडी झुडपं, पंप मारणारी तेलाची यंत्रं, बेंटोनाइट नावाच्या चिकणमातीच्या खाणी. वर्लंडच्या संग्रहालयाबाहेर ब्राँझचा पूर्णाकृती मॅमथ उभा आहे, कारण गावाजवळ शिकाऱ्यांनी मारलेल्या मॅमथांची हाडं मिळाली होती. त्या शिकाऱ्यांच्या काळात अमेरिकेत घोडेही होते.

आम्हाला जायचं होतं गूजबेरी बॅडलँड्सला. वर्लंडच्या दक्षिणेकडून पश्चिमेला जाणाऱ्या एका ओसाड रस्त्यावर हे ठिकाण आहे. छोटा वाहनतळ, दीडेक मैलाची पायवाट, बाकी काही नाही. पाणी बरोबर न्या. सावली अजिबात नाही. आणि पाऊस पडल्यावर कच्च्या रस्त्यावर गाडी घालू नका. इथली माती भिजली की टायरला अशी चिकटते की चाकच फिरेना.

टेकड्या लाल, जांभळ्या, राखाडी पट्ट्यांच्या. लांबून रंग लावल्यासारखं वाटतं, जवळ गेलं की कळतं की प्रत्येक पट्टा म्हणजे कधीकाळची जमीन. नदीला पूर यायचा, गाळ बसायचा, त्यावर झाडी उगवायची, माती तयार व्हायची, मग परत पूर. लाल म्हणजे पाण्याचा निचरा होणारी, हवा खेळणारी माती. राखाडी म्हणजे दलदलीची. विलवूड थर म्हणतात याला. शेकडो मीटर जाड आणि त्यात सस्तन प्राण्यांचे हजारो जबडे. एकोणिसाव्या शतकात जेकब वर्टमन इथून हाडं गोळा करून एडवर्ड कोप या जीवाश्मतज्ज्ञाकडं पाठवायचे. तेव्हापासून इथं खोदकाम थांबलेलं नाही आणि चिमुकले घोडे तर इथं सगळ्यात जास्त मिळणाऱ्या प्राण्यांत मोडतात.

पायवाटेवर बाबा वाकून चालत होते. एका जांभळ्या उताराच्या तळाशी, पावसानं धुऊन आणलेल्या खड्यांमध्ये, त्यांना तपकिरी चकचकीत काहीतरी दिसलं. गुडघे टेकून बसले. जेमतेम दीड सेंटिमीटर लांब हाडाची चकती, त्यात दोन दाढा. दगड झालेलं हाड काळपट, पण दाढांवरचा मुलामा असा तकतकीत की कालच तोंडातून पडल्यासारखा. प्रत्येक दाढेवर चार बोथट उंचवटे आणि त्यांना जोडणारे बारीक कंगोरे, जेमतेम दिसतील असे. खिशातलं भिंग लावून त्यांनी मला ते कंगोरे दाखवले. "हे वाढत वाढत गेले की घोड्याच्या दाढेवरच्या वळ्या होतात," ते म्हणाले. मग लगेच सावध झाले. "घोडाच असेल असं नाही हां. या आकाराचं काहीही असेल."

शेजारी नाणं ठेवून फोटो काढले आणि होतं तिथंच ठेवलं. सरकारी जमिनीवरचं पाठीचा कणा असलेल्या प्राण्याचं हाड परवान्याशिवाय उचलणं हा गुन्हा आहे, २००९ पासून तसा स्वतंत्र कायदाच आहे. कायदा नसता तरी ठेवलं असतं. कुठल्या पट्ट्यातून आलं हे माहीत असेल तरच हाडाला अर्थ, नाहीतर ती नुसती चकाकणारी वस्तू.

पट्ट्याला इतकं महत्त्व का, हे या खोऱ्यानंच जगाला शिकवलं. साधारण ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी हवेत कार्बनचं प्रमाण झपाट्यानं वाढलं आणि पृथ्वी ५ ते ८ अंशांनी तापली. ही भट्टी पावणेदोन लाख वर्षांच्या आसपास पेटलेली होती. तिचे थर या खोऱ्यात उघडे पडलेत आणि पहिले घोडे अमेरिकेत नेमके तिच्या सुरुवातीला दिसतात. २०१२ मध्ये रॉस सेकॉर्ड, जोनाथन ब्लॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या खोऱ्याच्या दक्षिण भागातले सिफ्रहिप्पस या पहिल्यावहिल्या घोड्याचे दात थरागणिक मोजले. दाढेच्या क्षेत्रफळावरून वजन काढता येतं. सुरुवातीला तो साडेपाच किलोंच्या आसपास होता. ऊन वाढत गेलं तसा १ लाख ३० हजार वर्षांत जवळजवळ ३० टक्क्यांनी आक्रसला, ३.९ किलोंवर आला. म्हणजे घरातल्या मांजराएवढा घोडा. हवा परत गार झाली तेव्हा सात किलोंपर्यंत फुगला. तापमान कसं कळलं? तेही दातांतूनच. जनावर जे पाणी पितं त्यातल्या ऑक्सिजनच्या जड आणि हलक्या अणूंचं प्रमाण दाताच्या मुलाम्यात टिकून राहतं. तापमानाचा आलेख आणि घोड्याच्या वजनाचा आलेख शेजारी ठेवले तर एक वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो.

गेल्या रविवारपासून बाबांच्या डोक्यात जे चाललं होतं ते इथं येऊन पुरं झालं. पुस्तकातल्या रांगेत घोडा फक्त मोठाच होत जातो, जणू त्याला माहीतच होतं की पुढं पाठीवर माणूस बसायचाय. इथं तर तो लहान झाला, परत मोठा झाला, मग कोट्यवधी वर्षं तसाच छोटा, जंगलात पाला खात राहिला. "त्याला कुठंही पोचायचं नव्हतं," बाबा म्हणाले. मला हे वाक्य आवडलं. आपल्याकडं माणसालाही असं राहू देत नाहीत.

इओहिप्पसचा पाय कसा होता ते वाटेतल्या एका छोट्या संग्रहालयातल्या प्रतिकृतीवर नीट पाहिलं. पुढं चार बोटं, प्रत्येकाच्या टोकाला छोटंसं खूर, पण भार बोटांखालच्या गादीवर, कुत्र्याच्या पंजात असते तशा. ओल्या जंगलातल्या मऊ जमिनीसाठी हा पाय उत्तम. पाठ किंचित कमानदार, डोळे चेहऱ्याच्या बऱ्यापैकी मध्यावर. रस्त्यात दिसला असता तर घोडा म्हणून कुणी ओळखला नसता. बाबांनी प्रतिकृतीची बोटं मोजली, दोनदा. मग कपाटाच्या मागं जाऊन मागच्या पायाचीही मोजली.

गुरुवार : मॅकुला पीक्स

हा दिवस बेतात नव्हता. ग्रेबुलच्या मोटेलवाल्यानं बाबांना घोड्यांचं वेड आहे हे ऐकून सांगितलं की कोडीच्या रस्त्यावर मस्टँग, म्हणजे मोकाट घोडे, दिसतील. मॅकुला पीक्स म्हणजे कालच्याच पट्टेदार विलवूड थराच्या टेकड्या. म्हणजे खाली जमिनीत इओहिप्पसचे जबडे आणि वर त्यांच्याच कुळातले जिवंत घोडे. अशी जागा जगात फार नसावी.

अर्ध्या तासात कळप दिसला. जवळ जायला बंदी आहे, किमान ३०० फुटांचं अंतर ठेवायचं. बाबांनी दुर्बीण घेतली आणि सारंगखेड्याच्या बाजारात उभं राहून बोलावं तसे बोलायला लागले. "तो अबलख बघ, काय भरलाय. ती कुमैत घोडी गाभण आहे. पलीकडं नुकरा. ते शिंगरू पंधरा दिवसांचंही नसेल." एका घोड्याला नाल नसतानाही खूर कसे एकसारखे झिजलेत यावर ते पाच मिनिटं बोलले. खडकाळ जमिनीवर रोज मैलोगणती चालणाऱ्या घोड्याला नालबंद लागत नाही, त्याचं काम जमीनच करते.

हे घोडे इथले की बाहेरचे, यावर अमेरिकेत मोठा वाद आहे. घोड्याचं कूळ या खंडात साडेपाच कोटी वर्षं वाढलं, इथून आशियात गेलं आणि सुमारे १० हजार वर्षांपूर्वी इथून नाहीसं झालं. तिकडं आशिया-युरोपच्या सीमेवर व्होल्गा आणि डॉन नद्यांच्या खालच्या खोऱ्यात सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी आजच्या पाळीव घोड्याची पैदास सुरू झाली. तोच १४९३ मध्ये कोलंबसच्या दुसऱ्या सफरीत कॅरिबियन बेटांवर आणि १५१९ मध्ये कोर्तेसबरोबर मेक्सिकोत उतरला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यात लकोटा आणि इतर मूळनिवासी अभ्यासकही होते, असं दिसलं की सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातच मैदानी प्रदेशातल्या जमातींकडं घोडे पोचले होते. गोऱ्यांच्या पुस्तकांत लिहिलं होतं त्याच्या बरंच आधी.

१९७१ च्या कायद्यानं मोकाट घोड्यांना संरक्षण मिळालं. पण कळप वाढतात, गवत तेवढंच राहतं, म्हणून सरकार अधूनमधून त्यांना हाकून आणतं आणि दत्तक देतं. पशुपालक म्हणतात हे परके. घोडाप्रेमी म्हणतात हे घरी परतलेले. बाबा दुसऱ्या पक्षात लगेच सामील झाले. नवरा म्हणाला, परतला तो माणसानं घडवलेला घोडा आहे, गेलेला घोडा वेगळा. मला विचाराल तर या वादात वंशावळीपेक्षा पाण्याचा आणि गवताचा हिशेब आधी मांडावा, आणि त्यात गायीही मोजाव्यात.

कळपावर लक्ष ठेवणाऱ्या एक स्वयंसेवक बाई तिथं आल्या होत्या. प्रत्येक घोडीची वेगळी नोंद त्यांच्या वहीत होती. त्यांनी सांगितलं की इथं घोड्यांना हाकण्यापेक्षा घोडीला लांबून बंदुकीतून इंजेक्शन मारतात. डुकराच्या बीजांडाच्या आवरणातल्या प्रथिनापासून केलेली लस असते. घोडीच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात आणि गर्भधारणा होत नाही. परिणाम टिकवायला पुन्हा पुन्हा द्यावी लागते.

एवढं ऐकल्यावर बाबा निवृत्त राहिले नाहीत. डोस किती, कुठल्या स्नायूत, मारलेल्या जागी गाठ येते का, गाभण घोडीला चुकून बसली तर काय, एकामागून एक प्रश्न. बाई मनापासून उत्तरं देत होत्या, मी भाषांतर करत होते, आणि नवरा घड्याळाकडं बोट दाखवत होता, कारण अंधाराच्या आत थर्मोपॉलिस गाठायचं होतं.

"तिला विचार," बाबा म्हणाले, "ही लस रोह्यांवर चालेल का? आमच्याकडं हरभरा ठेवत नाहीत शेतात."

रोही म्हणजे काय हे बाईंना कुठून माहीत असणार. बाबांनी फोन काढला आणि नीलगाईचा फोटो शोधायला लागले. तिथं रेंज नव्हती. मग त्यांनी बाईंच्याच वहीच्या मागच्या पानावर पेनानं रोही काढायला घेतला, पायांपासून.